तोच हिरवा

मित्रांनो, सगळ्यांत आधी एक विनंती. माझ्याकडे बघून रंग निवडू नका. मी एक जुना रंगतक्ता आहे आणि उन्हाने माझं पार वाटोळं केलं आहे. ज्या चौकटीखाली 'लाल' लिहिलंय ती आता धुऊन धुऊन संपलेल्या फडक्यासारखी दिसते. 'पिवळा' लिहिलंय तिथे तर नुसता पांढरेपणा उरलाय. नावं मात्र ठळक आहेत, कारण काळी शाई सगळ्यांत शेवटी जाते. त्यामुळे माझ्यावर लिहिलेलं सगळं वाचता येतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

जन्मतः मी असा नव्हतो. दूर पूर्वेकडच्या एका मोठ्या बेटावर, समरिंदा शहरात, महाकम नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर, हमदानीच्या छपाईच्या दुकानात मी जन्मलो. दादा या अर्थाने सगळे त्याला बांग हमदानी म्हणतात. बॅनर, दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरचे स्टिकर अशी त्याची कामं. नवं मशीन आलं तेव्हा पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी त्याने मला छापलं. पातळ पांढऱ्या फ्लेक्सचा एक तुकडा मशीनमध्ये सरकवला, आणि मशीनचं डोकं माझ्या अंगावरून इकडून तिकडे फिरत चार शायांचे बारीक ठिपके टाकत गेलं. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. बस, एवढ्या चारच. त्यांच्याच कमीजास्त मिसळीतून माझ्या अंगभर चौकटी उमटल्या, प्रत्येकीखाली तिचं नाव.

मग त्याने मला दिवसभर दोरीवर टांगून ठेवलं. कुणाला हात लावू दिला नाही.

"ओली शाई जरा जास्तच नटते," तो बायकोला म्हणाला. "वाळल्यावर खरा चेहरा कळतो."

वाळल्यावर त्याने माझ्या खालच्या कडेची एक पट्टी कापून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. का कापली ते तेव्हा मला कळलं नाही. दुखलं मात्र बरंच.

माझी गरज का पडली ते सांगतो, कारण माझ्या जन्माचं सगळं प्रयोजन त्यातच आहे. दुकानात येणारा माणूस आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंग बघतो आणि खूश होतो. पण पडद्यावरचा रंग म्हणजे दिव्याचा उजेड. पडदा स्वतः उजळतो. आम्ही शाईवाले स्वतः उजळत नाही, आमच्यावर जो उजेड पडेल त्यातलाच थोडा परत देतो. त्यामुळे पडद्यावर झळाळणारे काही रंग आमच्या चार शायांना जन्मात जमत नाहीत. हमदानीने हे गिऱ्हाइकांना सांगता सांगता घसा कोरडा केला होता. मी आल्यावर त्याचा त्रास वाचला. पडदा दाखवून भांडणारा कुणी आला की तो त्याला माझ्यासमोर उभा करायचा.

"हे बघा. याच मशीनने, याच शाईने, याच फ्लेक्सवर छापलंय. यातला सांगा, तोच मिळेल. पडद्यावरचा पाहिजे असेल तर पडदाच घरी घेऊन जा."

एकदा एक न्हावी आला होता. त्याला पाटीसाठी लाल हवा होता, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे अख्ख्या गावात कुणालाच लाल येत नव्हता. टोमॅटो येतो, विटा येतात, लाल येत नाही. तो माझ्यासमोर मान वाकडी करून बराच वेळ उभा राहिला आणि एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "ही." पाटी तयार झाली तेव्हा ती माझ्या शेजारी धरून त्याने दोन्हीकडे पाहिलं, माझ्यावर एक टिचकी मारली आणि म्हणाला, "शब्दाचा पक्का आहे बुवा तुमचा तक्ता." मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. शब्दाचा पक्का. याहून जास्त कौतुक मला कधी नको होतं.

त्या कौतुकानेच घात केला. मला सगळ्यांनी बघावं म्हणून हमदानीने मला दुकानाच्या काचेच्या दारावर चिकटवलं, आतल्या बाजूने, तोंड रस्त्याकडे. दुकान बंद असलं तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला रंग दिसावेत हा त्याचा हेतू. पण नदीवरून येणारं सकाळचं ऊन थेट माझ्या तोंडावर. रोज. आधी पिवळी शाई हळूहळू गेली, तिच्या मागून गुलाबी. हिरव्यातला पिवळा उडाला की हिरवा निळसर पडतो आणि गुलाबी उडाला की गडद हिरवा कोवळा दिसायला लागतो. माझं असं चाललं होतं आणि कुणालाच कळत नव्हतं, कारण सगळे मला रोज बघत होते.

आता कुस्नानची गोष्ट सांगतो. माझी गोष्ट म्हणजे खरं तर त्याचीच आहे.

संध्याकाळी हमदानीचं दुकान बंद झालं की दारापुढच्या फुटपाथवर लिलिक आणि तिचा बाप कुस्नान आपली खाणावळ थाटायचे. चार बांबू, वर ताडपत्री, दोन लांब टेबलं, बाकं. तळलेला लेले, म्हणजे मिशांचा गुळगुळीत मासा, भात आणि सांबाळ, म्हणजे मिरचीचा ठेचा. ही माणसं समुद्रापलीकडची, लामोंगानची. तिकडे थोरल्या माणसाला चाक म्हणतात, म्हणून पाटीवरही 'चाक कुस्नान' आणि सगळ्यांच्या तोंडीही चाक कुस्नान. मासे तळायचे लिलिकने आणि मिरची कुटायची चाकने, हे त्यांचं ठरलेलं होतं. बाकाच्या टोकाला, बरोबर माझ्या काचेखाली, तो दगडी खल मांडीशी घेऊन बसायचा. मिरची किती भाजली गेली हे तो वासावर ओळखायचा.

त्या खाणावळीपुढे एक रंगवलेलं कापड लावलेलं असे. लामोंगानच्या प्रत्येक खाणावळीला असतं. चाकचा मित्र रोफी, गावाकडे हीच कामं करायचा, त्याने ते हाताने रंगवलं होतं. पांढऱ्या कापडावर मासा, बदक, कोंबडी, खेकडा, आणि मधोमध मोठी अक्षरं, वरून नारिंगी आणि खाली उतरत उतरत हिरवी. आणि कसला हिरवा! वहीत ओळीवर फिरवायची पेनं असतात ना, तसला पिवळट, डोळ्यात घुसणारा. रोफीने रंग पातळ लावला होता, मुद्दाम, म्हणजे मागे दिवा लावला की उजेड कापडातून आरपार यावा. मला ते मागून दिसायचं, अक्षरं उलटी. तरीसुद्धा संध्याकाळ झाली की माझं लक्ष त्या हिरव्याकडेच जायचं. माझ्या अंगावर तो कधीच नव्हता. अगदी नवा होतो तेव्हाही नव्हता. आमच्या चार शायांच्या आवाक्याबाहेरचा रंग आहे तो.

चाक रोज मशिदीतून रात्रीची नमाज आटोपून एकटा चालत यायचा. रस्त्यावर खाणावळींची रांगच होती, सगळ्यांना दिवे, सगळीकडे धूर. तो मात्र मान वर करून सरळ आपल्या बाकाशी यायचा. हमदानी कधी उशिरापर्यंत थांबला असला तर त्याची थट्टा करायचा.

"चाक, दोरी बांधलीय का कुणी तुम्हाला? नाकासमोर येता अगदी."

"आपलं घर कुणाला दिसत नाही का?" चाक म्हणायचा आणि खल ओढून बसायचा.

त्याला त्या हिरव्याशिवाय फारसं काही दिसत नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं.

मला कसं माहीत? दुपारी बांबू घेऊन तो लिलिकच्या आधी यायचा. आजूबाजूला कुणी नाही ना, याची चाहूल घ्यायचा आणि काचेला नाक टेकवून माझ्यापुढे उभा राहायचा. एकेका चौकटीवर बोट ठेवून स्वतःशीच पुटपुटायचा, "लाल. निळा. हा पोपटी." सुरुवातीला बरोबर सांगायचा. मग चुकायला लागला. मी विटलोय म्हणून चुकतो की त्याची नजर जातेय म्हणून, हे मलाही आधी कळेना. एके दिवशी तो काळ्या चौकटीला निळा म्हणाला. माझा काळा तर जसाच्या तसा होता.

तो हे कुणाला सांगत का नव्हता तेही मला ठाऊक होतं. गावाकडून लिलिकच्या भावाचा फोन यायचा, आणि ती हात रिकामे नसल्याने फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायची.

"बापाकचे डोळे कसे आहेत?" भाऊ बापाबद्दल विचारायचा.

"जरा धूसर दिसतं म्हणतात. वय झालं."

"जरा म्हणजे किती? हे बघ, नीट दिसेनासं झालं की पहिल्या जहाजाने गावी पाठव. मी बघेन त्यांचं. भर रस्त्यावर उकळत्या तेलाजवळ तसल्या माणसाने बसायचं म्हणजे काय गंमत आहे का?"

भाऊ चुकीचं बोलत नव्हता. पण खलातला दगड तेवढ्यापुरता थांबायचा. चाकची बायको याच शहरात वारली होती, इथेच पुरली होती. खाणावळ तिने आणि त्याने मिळून मांडलेली. गावाकडे त्याला एक खाट मिळाली असती आणि वेळच्या वेळी जेवण. इथे त्याला काम होतं. मशिदीतून बाकापर्यंत एकट्याने येता येतंय तोवर त्याला इथून कुणी हलवू शकत नव्हतं. सगळं त्या हिरव्यावर लटकलेलं होतं.

आणि रमजानच्या तोंडावर वादळी वारं सुटलं, तेव्हा ते कापड उभं फाटलं.

रोफी तर केव्हाच वारला होता. गावाकडे दुसरे रंगवणारे होते, पण त्यांचं काम समुद्र ओलांडून येईपर्यंत रमजान संपला असता, आणि या धंद्याला वर्षातला हाच महिना. लिलिक फाटकं कापड काखोटीला मारून हमदानीकडे आली, सोबत चाक. हमदानीच्या दुकानात ईदच्या शुभेच्छांच्या बॅनरची झुंबड होती. त्याने कापडाचा फोटो काढून पडद्यावर घेतला. पडद्यावर तो हिरवा असा उजळला की लिलिकचा चेहराच खुलला.

"हाच, बांग. झालं की काम."

"पडद्यावर आहे तसा नाही येणार, आधीच सांगतो. हा रंगाच्या डब्यातला रंग आहे, मशीनमध्ये नाही. तक्त्यातला जवळचा सांग."

तिघं दाराबाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. हमदानी म्हणाला, "चाक, तुम्हीच दाखवा. तुमच्या नावाची पाटी आहे."

चाकने अगदी रुबाबात हात पुढे केला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. "हा."

लिलिक हसायला लागली. "बापाक, हा राखाडी आहे. लेले मासा आजारी आहे म्हणून लिहायचं का खाली?"

"मस्करी केली," चाक म्हणाला. "तू बघ. बायकांना रंगातलं जास्त कळतं."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला दिसत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण तक्त्याला कोण विचारतं? लिलिकने शोधून शोधून एक कोवळी हिरवी चौकट निवडली, भाताच्या रोपासारखी. "ही त्यातल्या त्यात जवळची वाटते." त्या चौकटीचा मूळ रंग केळीच्या जून पानाचा होता. उन्हाने तिला कोवळी केली होती. मी आतून नाही, नाही म्हणत राहिलो आणि हमदानीने चौकटीखालचं नाव वाचून मशीनला तेच सांगितलं.

एरवी तो आधी हातभर तुकडा छापून गिऱ्हाइकाला दाखवायचा. जिथे पाटी लागणार तिथे तो धरून बघा, सकाळी बघा, संध्याकाळी बघा, असं बजावायचा. त्या दिवशी मागे लोक खोळंबले होते आणि लिलिकला दुसऱ्या दिवशी बॅनर हवा होता. तुकडा छापायचा राहिला. वर फाटण्याची धास्ती, म्हणून हमदानीने जाड, काळ्या पाठीचा फ्लेक्स घेतला. "वाऱ्याच्या बापाला दाद देणार नाही," तो म्हणाला. हा बॅनर अंधारात बघायचा आहे, दिवा त्याच्या मागे असणार आहे, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

दिवसा बॅनर बरा दिसला. मासा तर फोटोतला, मिशांनिशी. हिरवा बघून लिलिकचा चेहरा जरा पडला. "फारच गडद आलाय का?" ती म्हणाली, पण वेळ नव्हता, तिने तो बांधून टाकला. संध्याकाळी दिवा लागला. काळ्या पाठीने उजेडाचा एक कण पुढे जाऊ दिला नाही. जिथे रोज हिरवं उजळायचं तिथे काळोखाचा एक चौकोन टांगला गेला.

त्या दिवशी हमदानी कुठेतरी बॅनर लावायला गेला होता. दुकान बंद, दिवे बंद. मशिदीतून लोक बाहेर पडले, आणि त्यांच्यात चाक. मान वर. तो आमच्यासमोर आला, जरा थबकला आणि पुढे निघून गेला. आपल्या बाकाजवळून, आपल्या लेकीच्या पाठीमागून, आपल्या माशाच्या वासातून. वास तर सगळ्याच खाणावळींतून येत होता. लिलिक तव्यावर वाकलेली. मी काचेला चिकटलेला. फुटपाथ संपतो तिथे मोटरसायकलचा ब्रेक कचकन वाजला आणि कुणीतरी शिवी दिली. मग एक ओळखीचा माणूस त्याला दंडाला धरून घेऊन आला.

"अहो, कुठे निघाला होतात?" लिलिकने विचारलं.

"जरा पाय मोकळे करावेसे वाटले. दिवसभर बसून असतो."

"सांगून जात जा ना, बापाक. जीव टांगणीला लागतो."

"बरं," म्हणून त्याने खल चाचपला. त्या रात्री सांबाळात मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच होणार म्हणून मी धसका घेऊन बसलो होतो. पण ईदच्या कामांनी हमदानीच्या नाकीनऊ आणले होते, त्यामुळे तो संध्याकाळनंतरही मशीन चालवत बसला. आत ट्यूब पेटलेली, तिच्यापुढे मी. आणि मी पातळ फ्लेक्सचा, त्यात उन्हाने रंग उडालेला. ट्यूबचा उजेड माझ्यातून आरपार गेला. रस्त्यावरचे बाकी सगळे दिवे पिवळे, आणि मी एकटाच फिका निळसर, चौकटी चौकटींनी उजळलेला. चाक आला, थबकला. त्याची मान माझ्याकडे वळली. पाय घासत घासत तो सरळ चालत आला, बाक चाचपलं आणि माझ्याखाली बसला.

"आज फिरायला नाही गेलात?" लिलिकने विचारलं.

"आज पाय दुखतायत."

मित्रांनो, रंग सांगण्याच्या कामात मी कुचकामी झालो होतो, आणि त्याच कारणाने एका माणसाच्या उपयोगी पडत होतो. तो सगळा महिना मी असा काढला. रोज नमाज सुटायच्या सुमाराला मला एकच घोर, हमदानी ट्यूब बंद करून निघून तर जाणार नाही ना. बटण माझ्या हातात नव्हतं. माझ्याकडे हातच नव्हते.

ईद जवळ आली आणि एका कचेरीतला माणूस गुंडाळी घेऊन तावातावाने आला. त्याने माझ्यावरून सोनेरी निवडला होता. त्याला मातकट मोहरी रंग मिळाला होता. "साहेबांच्या फोटोमागे ही मोहरी लावू का मी?" तो म्हणत होता. हमदानी आधी वाद घालत राहिला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने टेबलाचा खण उपसला आणि माझी कापून ठेवलेली पट्टी बाहेर काढली. इतकी वर्षं अंधारात होती ती. त्याने ती माझ्या कडेला लावून धरली. माझ्याच अंगाचा तुकडा, आणि त्याच्यावर लाल लाल होता, पिवळा पिवळा होता. मी स्वतःला इतकं तरुण पाहिलं नव्हतं.

"केव्हापासून खोटं बोलतोय हा?" हमदानी हळूच म्हणाला आणि खुर्चीत बसला. मग तो बाहेर लिलिककडे बघत म्हणाला, "तुझाही बॅनर यानेच बिघडवला म्हणायचा."

त्यानंतर त्याने जे केलं ते सगळं योग्यच केलं. मशीनच्या डोक्याची तुंबलेली छिद्रं साफ केली. पातळ फ्लेक्सवर वेगळा, जाडवर वेगळा, स्टिकरवर वेगळा असे नवे तक्ते छापले, कारण तीच शाई प्रत्येकावर निराळी दिसते. ते वाळू दिले आणि खणात, अंधारात ठेवले. काम असेल तेव्हाच बाहेर काढायचे, एकाच पांढऱ्या दिव्याखाली बघायचे. छापून ठेवलेला माल उन्हाने उडू नये म्हणून दाराच्या काचेला काळी फिल्म लावली. आणि मला सोलून काढलं.

"घे, खाली अंथरायला होईल," तो लिलिकला म्हणाला. "ईदनंतर बॅनर नव्याने छापून देतो. पण तो जुना हिरवा माझ्याकडून होणार नाही."

लिलिकने मला भांडी घासायच्या बादल्यांखाली अंथरलं. माझ्यावर खरकटं पाणी सांडत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी वर काचेकडे बघत होतो. आत ट्यूब पेटली होती की नव्हती, काळ्या फिल्ममागे काहीच कळत नव्हतं.

नमाज सुटली. जमिनीवरून मला रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत होते. चाकच्या चपलेचा डाव्या पायाचा पट्टा निळ्या दोरीने बांधलेला होता. ती चप्पल आली, आमच्यासमोर थांबली, थोडी डावीकडे वळली, उजवीकडे वळली. मग पुढे गेली.

लिलिक माझ्या अगदी जवळ, बादल्यांपाशी, हातात ताट घेऊन उभी होती. तिने हाक मारायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. हाक आली नाही. चाक तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला होता. त्याने तिच्याकडेच पाहिलं होतं आणि ओळख दिली नव्हती. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि त्याच्या मागून गेली. फुटपाथच्या टोकाला दोघांचे पाय थांबले.

"आज हवा बरी आहे," चाक मोठ्याने म्हणाला, समोरच्या अंधाराला उद्देशून.

"हो, बापाक." लिलिक अगदी त्याच्या खांद्यापाशी होती. तो दचकला.

"तू इथे काय करतेस? मासे करपतील."

"मलाही जरा फिरावंसं वाटलं. चला आता."

तिने त्याचा हात धरला नाही. ती पुढे झाली आणि चपला मुद्दाम फटक फटक वाजवत चालू लागली. त्या आवाजामागून तो आला. बाकावर बसून त्याने खल जवळ ओढला, आणि ती बादल्यांशी येऊन पाठमोरी बसली. ती रडत होती. इतक्या जवळून मी कुणाला रडताना पाहिलं नव्हतं, आणि माझ्यावर पडणारं पाणी भांड्यांचं नव्हतं.

थोड्या वेळाने ती बसल्या जागी डोळे पुसून माझ्याकडे बघायला लागली. मग काचेकडे. मग बापाच्या बाकाकडे. तिने बादल्या बाजूला सारल्या, मला ओढून काढलं, स्वच्छ धुतलं आणि बॅनरच्या शेजारी बांबूला बांधलं. माझ्यामागे एक पांढरा दिवा टांगला.

आता माझं ठिकाण ते आहे. ईद झाली, हमदानीने नवा बॅनरही दिला, पातळ फ्लेक्सचा, खराखुरा कोवळा हिरवा. छान आहे. पण लिलिकने मला काढलं नाही. परवा तिच्या भावाचा फोन आला होता.

"डोळे काय म्हणतायत बापाकचे?"

"चांगले आहेत की," ती मासा उलटवत म्हणाली. "रोज एकटेच येतात मशिदीतून."

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते तुमच्याकडे असतील तर त्यांना उन्हात टांगू नका. अंधारात जपा, आणि त्यांचा एक तुकडा बाजूला काढून ठेवा, अधूनमधून शेजारी धरून बघायला. रोज बघतो म्हणून आपल्याला कळतं, असं समजू नका. घरातलं कुणी 'मला दिसतंय' म्हणालं तर दुसऱ्यांदा विचारा. मला हे कुणाला सांगता आलं नाही. मी नुसता बघत राहिलो. अजूनही तेवढंच करतो. ऊन मला अजून खातंय आणि चाकच्या डोळ्यांतला उजेडही कमी होतोय. आमच्यातलं कोण आधी संपेल ते मला माहीत नाही.

काल तो नेहमीप्रमाणे आला. बसण्याआधी त्याने हात वर करून मला चाचपलं आणि तळवा माझ्यावर ठेवून उभा राहिला.

"लिलिक, कोणता रंग गं हा?"

तव्यावरचं तेल चुरचुरत होतं. तिने मान वर करून पाहिलं.

"हिरवा, बापाक. तोच."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि मिरची कुटायला बसला.

त्याचा हात पिवळ्याच्या चौकटीवर होता. तिथे आता काहीच नाही.